मुराळ्याची मोठी गाडी

राजेश्वर गावच्या गुंडेरावांना जगात एकच गोष्ट पारखता येते, असं त्यांची बायको शकुबाई म्हणायची, आणि ती म्हणजे तूर. मूठभर दाणे तळहातावर घेऊन कोणत्या शिवारातली आहे, पाऊस किती लागलाय, हे सांगणारा माणूस. पण साडी आणायला पाठवावं तर दुकानदार जी हातात देईल ती मुकाट्यानं पिशवीत घालून यायचा. असा माणूस ऐन आषाढात भाड्याची मोटार पारखायला निघाला, तेव्हा शकुबाईंना हसू आलं यात नवल नाही.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. लेक मंजुश्री नागपंचमीला येणार होती. सात वर्षांनी. नवऱ्याच्या नोकरीसाठी ती दोहाला गेली, पुढं तिलाही तिथंच एका शाळेत काम लागलं. मधे साथीच्या रोगाची दोन वर्षं गेली, मग दुसरं बाळंतपण, मग रजा नाही, मग तिकिटं महाग. थोरला बंटी जाताना कडेवर होता, तो आता फोनवर इंग्रजी बोलायचा. धाकटी सोनू चार वर्षांची झाली तरी आजीआजोबांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलेली. आता दहा दिवसांसाठी चौघंही येणार, विमान हैदराबादला उतरणार, आणि तिथून त्यांना आणायला गुंडेराव मुराळी म्हणून जाणार.

सासरी गेलेल्या लेकीला सणासाठी आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. गुंडेरावांच्या घरात या कामाचे कायदे कडक होते. मुराळ्यानं फराळाचा डबा घेऊन जायचं, सोयऱ्यांच्या दारात आवाज चढवायचा नाही, आणि लेकीला घेऊनच गाडी वेशीतून आत आणायची. काही कारणानं लेक आली नाही, तर गाडी वेशीबाहेर सोडायची आणि मुराळ्यानं पायी घर गाठायचं. मोकळी गाडी दारात उभी करायची नाही. लहानपणी एकदा वडील आत्याला आणायला गेले आणि एकटेच परतले, तेव्हा वेशीबाहेर चिंचेखाली रात्रभर उभी राहिलेली बैलगाडी गुंडेरावांनी बघितली होती. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

यंदा मोठीच गाडी हवी, याला आणखी एक कारण होतं. सात वर्षांपूर्वी मंजूला विमानतळावर सोडायला गुंडेरावांनी पाहुण्यांची छोटी गाडी मागून आणली होती. बॅगा चढल्या, जावई बसले, मंजू लेकराला घेऊन बसली, आणि शकुबाईंना बसायला जागाच उरली नाही. त्या वेशीपाशी उभ्या राहिल्या आणि गाडी गेली. त्यावर त्या कधी भांडल्या नाहीत. फक्त विमानाचा आवाज आला की हातातलं काम थांबवून वर बघायच्या. हे गुंडेरावांनी सात वर्षं पाहिलं होतं, आणि त्यांना ते बोचत होतं.

"आता ड्रायव्हर धरून सात माणसं," ते बोटांवर मोजत म्हणाले. "तू पुढं न्हाई, मधी बसायचीस. लेकीच्या शेजारी."

"माझ्या गुडघ्याला तुमची मोठी गाडी चढाया यील का?" शकुबाई म्हणाल्या.

"तेबी बघतो."

आणि खरंच त्यांनी बघितलं. मोटारीतलं आपल्याला कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कळतं त्या मापानं मोजायचं त्यांनी ठरवलं. गोणपाटाचे दोन रिकामे कट्टे घेतले, तुरीचं भुस्कट गच्च भरून तोंडं शिवली. या झाल्या परदेशच्या बॅगा. जावई सहा फुटांच्या वर, म्हणून बालपणचा मित्र मल्लप्पा सोबत घेतला. गावात तेवढा उंच तोच. मल्लप्पाला वाटलं, फुकटात फिरणं होतंय. तिसऱ्या सीटवर कोंबल्यावर त्याला हिशेब कळला.

पहिली गाडी हुमनाबादच्या बसस्टँडमागची. गाडीवाला बोलायला गोड, भाडं सगळ्यांत कमी, आणि गाडीला नवा फुलांचा हार. गुंडेरावांनी हार बाजूला करून टायरावरून हात फिरवला. टायर परातीसारखं गुळगुळीत. मल्लप्पा मागं बसला तर गुडघे हनुवटीला टेकले, आणि तो बसल्यावर कट्टे ठेवायला जागाच उरेना.

"वर कॅरियरला बांधू की, सावकार," गाडीवाला म्हणाला.

"समुद्र वलांडून आणलेलं सामान जहिराबादच्या वाटेवरच्या खड्ड्यात सांडू म्हणतोस?" असं म्हणून गुंडेरावांनी कट्टे खांद्यावर मारले आणि ते निघाले.

दुसरी बीदरची कंपनी. तिथं काचेचं ऑफिस, थंडगार हवा, आणि संगणकापुढं बसलेली चुणचुणीत मुलगी. कट्टे घेऊन आत शिरलेले दोघं बघून तिनं आधी, धान्याची आडत पलीकडच्या गल्लीत आहे, असं नम्रपणे सांगितलं. मग पडद्यावर गाड्या दाखवल्या. एक गाडी गुंडेरावांच्या मनातच भरली. पांढरीशुभ्र, रुंद, सात जणांची. गाडी स्वतः चालवायची असेल तर लायसन्स लागेल, अनामत लागेल, ती म्हणाली. ट्रॅक्टरचं चालतंय का, असं मल्लप्पानं विचारलं. ते चालणार नव्हतं. ड्रायव्हरसकट घेतली तर दर वेगळा, रोजचे किलोमीटर ठरलेले, आणि विमानतळावर दोन तासांच्या वर थांबलं तर ताशी पैसे वेगळे.

"बरं. पर गाडी हीच यील न्हवं?"

"ही किंवा हिच्यासारखी दुसरी, अंकल."

गुंडेराव उठलेच. "एक पोरगी दाखवायची अन् मांडवात दुसरी उभी करायची, असली सोयरीक आमच्यात होत न्हाई, बाई," ते म्हणाले. ती मुलगी तोंडावर हात धरून हसली आणि तिनं दोघांना पाणी पाजलं. त्यामुळं कंपनीबद्दल त्यांचं मत थोडं सुधारलं, पण तेवढंच.

तिसरी गाडी चिटगुप्प्याच्या गुरुशांतप्पांची. यांचं ऑफिस नाही, पाटी नाही; किराणा दुकानाशेजारी पत्र्याखाली एकच मोठी गाडी उभी, आणि तिच्यावर धूळ नाही. कट्टे दोन्ही मागं मावले. मल्लप्पा तिसऱ्या सीटवर बसला आणि बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागला. दार रुंद, पायरी बुटकी. तरी गुंडेराव चार दिवसांनी शकुबाईंना घेऊन परत गेले आणि त्यांना तीनदा चढायला-उतरायला लावलं. तिसऱ्यांदा त्या मधल्या सीटवर बसून राहिल्या, शेजारच्या सीटवरून हात फिरवत. उतरायचं नाव काढीनात.

भाडं हुमनाबादपेक्षा बरंच जास्त होतं. गुंडेरावांनी शेवटचा सवाल टाकला. "इमान उशिरा आलं तर? थांबायचं काय घेताव?"

गुरुशांतप्पांना तीन लेकी. ते म्हणाले, "लेकीला आणायला गेलेल्या गाडीचं घड्याळ मी बघत न्हाई, अण्णा. थांबल की गाडी."

तिथंच सौदा ठरला.

मग घरात लगबग सुरू झाली. लिंबाच्या फांदीला झोक्यासाठी नवा दोर आला. शकुबाईंनी लाह्या फोडल्या, शेंगाच्या पोळ्यांचं कूट कुटून ठेवलं. सोनूला तिखट चालत नाही म्हणून चटणी दोन प्रकारची झाली. पंचमीला चार दिवस राहिले असताना फोन आला.

मंजूचे सासरे बेंगळुरूला राहायचे, त्यांना हृदयाचा झटका आला होता. जावई दोन्ही लेकरांना घेऊन मिळेल त्या विमानानं तिकडं गेले होते. मंजूला शाळेनं आधी सोडलं नाही. तिचं हैदराबादचं तिकीट होतं तेच ठेवून पुढं बेंगळुरूचं जोडून घेतलं होतं. हैदराबादला मधे चार तास मिळणार होते. "तेवढ्यासाठी एवढ्या लांब येऊ नका, अप्पा," ती म्हणाली.

सोयरा दवाखान्यात पडलेला असताना पंचमीचं बोलायचं कसं? गुंडेरावांनी सासऱ्यांची चौकशी केली, जे बोलायला हवं ते सगळं बोलले, आणि फोन ठेवून बराच वेळ झोक्याच्या दोराकडं बघत बसले. गुरुशांतप्पांना कळलं तेव्हा त्यांनी छोटी गाडी पाठवतो म्हटलं, भाडं निम्मं पडेल. गुंडेराव म्हणाले, "ठरली तीच धाडा."

का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना मनातून वाटत होतं, की मंजू एकदा गाडीत बसली, डब्याचा वास आला, आई दिसली, की म्हणेल, चला अप्पा, दोन दिवस घरी जाऊन येऊ. असं झालं तर छोट्या गाडीत तिचं सामान बसणार कसं? या वयात माणसानं एवढं भाबडं असू नये, पण होते.

ठरल्या दिवशी पहाटे पाचला निघून ते नऊच्या सुमारास विमानतळावर पोचले. शकुबाई मधल्या सीटवर, मांडीवर डबा. दहाच्या पुढं मंजू बॅगांची गाडी ढकलत बाहेर आली. फोनवर दिसायची त्यापेक्षा वाळलेली, कपाळावर चार केस पिकलेले. शकुबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला तो काढेचनात. चालक तानाजीनं गाडी पार्किंगमध्ये एका कडेला सावलीला लावली.

"एवढी मोठी गाडी कामून आणलाव, अप्पा?" मंजू म्हणाली.

"तुझ्या मायच्या गुडघ्याला बरी पडती," गुंडेराव म्हणाले.

गाडीतच डबा उघडला. मंजूनं शेंगाची पोळी दोन्ही हातांनी धरून लहानपणीसारखी खाल्ली. बंटीचे दात, सोनूचं हट्टीपण, सासऱ्यांची तब्येत, शाळा, भाडं, सगळं एकात एक मिसळून बोलली. बोलता बोलता म्हणाली, "दोन दिस झोप न्हाई, माय. जरा आडवी होऊ का?" मागं ज्या सीटवर मल्लप्पाला बसवून जावयाचं माप घेतलं होतं, तिथं ती पाय पोटाशी घेऊन झोपली. शकुबाईंनी पदराची गुंडाळी करून तिच्या डोक्याखाली दिली आणि तशाच वाकड्या बसून राहिल्या. गाडीत थंड हवा चालू होती. असा एक तास गेला. सात वर्षांत लेक माहेरी आली ती एवढीच, या मागच्या सीटवर.

पावणेबारा वाजले. शकुबाई नवऱ्याच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाल्या, "निघावं का असंच? जाग येईस्तोवर जहिराबाद वलांडू."

त्या थट्टा करत नव्हत्या. तानाजीनंही आरशातून गुंडेरावांकडं पाहिलं. त्याचा हात किल्लीवर होता. गुंडेरावांनी नुसती मान हलवायची होती. सासरे शुद्धीवर आले होते, दवाखान्यात जावई होते, एखाद्या दिवसानं काय बिघडणार होतं? घरी झोका बांधलेला होता. त्यांनी मागं वळून लेकीकडं पाहिलं. तिच्या हातात फोन तसाच होता आणि त्यावर सोनूचा फोटो उजळला होता. बेंगळुरूहून कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"तिची लेकरं वाट बघायलीत, शकू," ते म्हणाले. "वाट बघणं काय असतंय ते आपल्याला ठावं हाय."

आणि त्यांनी स्वतःच तिच्या पायाला हात लावून तिला उठवलं.

विमानतळाच्या दारापाशी तिनं दोघांच्या पाया पडून खजुराचा डबा आणि शालींची पिशवी हातात दिली. काचेपलीकडं गेल्यावरही दोनदा वळून पाहिलं. या वेळी शकुबाईंनी तिला जाताना पाहिलं, अगदी शेवटपर्यंत. परतताना त्या मधल्या सीटवर बसल्या नाहीत. दुखरा गुडघा ओढत मागं गेल्या आणि मंजू झोपली होती तिथं डोकं टेकून राहिल्या.

ऊन कलताना राजेश्वर आलं. वेशीच्या अलीकडं चिंचेपाशी गुंडेराव म्हणाले, "तानाजी, थांबीव."

"घरापतुर सोडतो की, मामा. मामीचा गुडघा..."

"न्हाई. हितून पुढं गाडी जात न्हाई."

तानाजीला काही कळलं नाही. शकुबाईंना कळलं. त्या उतरल्या, खजुराचा डबा काखेत घेतला, नवऱ्याचा हात धरला, आणि दोघं वेशीतून पायी चालू लागले. मागं गाडी वळून चिटगुप्प्याच्या वाटेला लागली. एवढ्यात गुंडेरावांचा फोन वाजला. गुरुशांतप्पा होते.

"पोचलाव का, अण्णा? गाडी कशी वाटली? जागा पुरली न्हवं?"

गुंडेराव थांबले. समोर घराच्या भिंतीवरून लिंबाची फांदी दिसत होती, आणि तिला लटकलेला नवा दोर.

"गाडी ब्येस हाय," ते म्हणाले. "जागा उरली."