आमची चाळ शाळेच्या चौकात

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी शाळेतून आली, दप्तर फेकलं, आणि माझ्या गठ्ठ्यातून जीन्सची एक लांब कतरण ओढून भिंतीला लावायला लागली. मी धागे कापत बसलेली. उल्हासनगरात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया तेव्हा हेच करायच्या, सिंधी शेठच्या कारखान्यातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे यायचे, लोंबते धागे कापून परत द्यायचे. बोटं निळी व्हायची, पिठात पण निळं दिसायचं.

"आई, पाय घे ना. कोपरा मोजायचाय."

"कशाला?"

"घर मोजतेय. बाईंनी सांगितलंय, आपापलं घर मोजून आणा. पट्टीनं नाही, घरात जे असेल त्यानं."

माझी कात्री थांबली. छातीत धडधड सुरू झाली, ती माझी सवयच होती, जरा काही झालं की दम लागायचा. पण या वेळी कारण होतं. त्या सालात सगळीकडे तोडातोडी चालू होती. टेप घेऊन माणसं यायची, भिंतीवर लाल खूण करून जायची, मग एक दिवस जेसीबी. आणि आम्ही जिथं बसलो होतो ती मागची खोली कागदावर नव्हतीच. मूळ खोली एक, पुढची. मागं नाल्याच्या बाजूला आमच्या ह्यांनी पत्रे ठोकून ही काढलेली. गॅस, मोरी, माझे गठ्ठे, सगळं इथंच. मी दिवसभर इथंच.

"ठेव ती कतरण," मी म्हटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या मावशी आल्या. त्यांचा नातू माझ्या मुलीच्याच वर्गात.

"तुझी पण मोजतेय का गं? आमचा बघ, माझा पदर धरून ओटा मोजतोय. मी म्हटलं अरे मेल्या सोड, बाजारात जायचंय, तर म्हणतो आजी हलू नको, विसरेन."

त्यांचा ओटा म्हणजे अर्धा रस्त्यातच होता. मावशी खाली बसल्या आणि आवाज एकदम बारीक केला.

"अगं, हा सर्वे आहे. मोठ्यांना विचारलं तर खोटं सांगतात, म्हणून पोरांना लावलंय."

रात्रीचं जेवण व्हायच्या आत ते नळावर पोचलं. बाया हंडे तसेच ठेवून बोलायला लागल्या. बाई नवीन आहे, बदलापूरहून येते, हिला इथं कोणी पाठवली? एकीला आठवलं, मागं तिनं पोरांना विचारलेलं की तुमचं दार कुठल्या दिशेला. दुसरी म्हणाली, आणि ते डोळे मिटून घरात काय काय ऐकू येतं ते? "माझ्या पोरानं सांगितलं नाल्याचं पाणी ऐकू येतं. झालं! कळलं ना तिला, घर नाल्यावर आहे ते!"

आधी आम्हाला वाटायचं, ही बाई शिकवतच नाही, नुसती खेळवते. आता वाटायला लागलं, खेळवत पण नाही, नकाशा काढतेय.

ठरलं की हेडमास्तरांकडे जायचं आणि हे बंद करायला सांगायचं. कोण जाणार, तर मावशी म्हणाल्या, "हिला पाठवा. हिची पोरगी बाईच्या मागे मागे असते." मी नाही नाही म्हणत होते, पण बोलता बोलता माझा श्वास अडकला, आणि सगळ्यांना वाटलं मी हो म्हटलं.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, "मागची खोली शाळेत सांगायची नाही."

"मग आपली एकच खोली?"

"हो."

"आणि स्वयंपाक?"

"पुढंच करतो म्हणायचं."

"पण नाही ना करत."

"गप."

ती गप झाली. कतरणीची घडी घालून गठ्ठ्यात ठेवली. मला ते गप होणं माहीत होतं. पहिली-दुसरीत ती अशीच होती. रोज सकाळी पोटात दुखायचं, शाळेच्या गेटपाशी माझा हात सोडायची नाही, वर्गात कोणी काही विचारलं की हनुवटी छातीला लावून उभी. माझ्या शाळेत मी पण अशीच उभी राहायचे. भागाकार सुरू झाला तेव्हा मला एक गोष्ट कळली नव्हती, बाकी उरते तिचं पुढं काय होतं. विचारायची हिंमत झाली नाही. सहावीनंतर मी शाळा सोडली, घरच्यांनी पण धरून ठेवलं नाही. म्हणून मला एकच धास्ती होती, ही पण अशीच काही न विचारता शाळेतून निघून जाईल. आणि ही नवीन बाई आल्यावर तीच पोरगी चपला घालून माझ्या आधी दारात उभी राहायला लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून परत पोट दुखायला लागलं.

"शाळेत काय केलं?"

"काही नाही."

शुक्रवारी आमचे हे घरी होते, अंबरनाथच्या कंपन्यांना शुक्रवारची सुट्टी. मी म्हटलं, तुम्ही चला ना सोबत.

"मी गेलो तर भांडण होईल," हे म्हणाले. "तू गेलीस तर तू घाबरशील, आणि बाईच तुला पाणी पाजेल. जा, बघून ये. खात नाही ती."

गेले. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर थोडी उभी राहिले, आत कोणी नव्हतं, मला बरंच वाटलं. मागून पोरांचा आवाज येत होता. शाळेमागं कोब्याचा चौक आहे, प्रार्थनेचा, तिथं मी भिंतीआडून डोकावले.

सगळा कोबा खडूनं भरलेला. आधी मला वाटलं लंगडीचे पट्टे. मोठमोठे चौकोन, एकाला लागून एक, प्रत्येकात दोन-तीन पोरं. एक मुलगी एका चौकोनाच्या फटीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "टिंगटाँग." आतला मुलगा उठला, काही नसलेलं दार उघडलं, "या या, बसा, आई कामाला गेलीय, पाणी देऊ?" ती बसली. मग म्हणाली, "बाप रे, तुमच्याकडे पाय लांब करायला जागाच नाही!" तो म्हणाला, "मग कॉटवर बस ना." आणि कॉट पण होती, खडूची.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही घरं होती. खरीखुरी, आहेत तेवढीच मोठी. पोरांनी पदरानं, कतरणीनं, वितीनं मोजून आणलेली घरं इथं परत त्याच मापानं मांडली होती. मी भीतीच विसरले. मी बघतच राहिले. मावशींचा ओटा मी लांबूनच ओळखला, नातवानं मावशींचं काही ऐकलं नव्हतं, होता तसा अर्धा रस्त्यात काढलेला. त्याला लागून आमचं घर असणार.

होतं. एकच चौकोन. आत माझी मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आणि फटीपाशी तीन पाहुणे.

"तुमचा गॅस कुठाय?"

तिनं गुडघे अजून जवळ घेतले.

"मोरी कुठाय? तुम्ही आंघोळ कुठं करता?"

"ए, हिची आई कुठं बसते? आई दिसतच नाही."

हनुवटी छातीला गेली. तिनं मागच्या रेषेकडे बघितलं, रेषेपलीकडे मोकळ्या कोब्याकडे. पोरं कंटाळून पुढच्या घरी गेली. तिच्याकडे मग कोणी येईना. आत असं काही नव्हतंच ना दाखवायला.

"या ना ताई, उन्हात का उभ्या?" बाईंनी मला बघितलं होतं. माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, साडीच्या निऱ्या खडूनं पांढऱ्या झालेल्या.

मी तोंडपाठ करून आले होते की बाई, आमच्या चाळीचं म्हणणं आहे, हे बंद करा. तोंडातून निघालं, "हे... हे असं कशाला काढलंय?"

"खरं सांगू? सुरू केलं तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं काय होईल. पुस्तकात एक चौकोन आहे, त्याच्या बाजू मोजा म्हणतात. पोरं मोजतात, लिहितात, विसरतात. म्हटलं, ज्यात राहतात तोच चौकोन मोजू दे."

"हे कागदावर जातं का?"

"कुठल्या?"

"वर. ऑफिसात."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणून काल दोन-तीन जणांनी पोरांना पाठवलंच नाही?" हसू पण येत होतं त्यांना आणि वाईट पण वाटत होतं. "ताई, उद्या शाळा सुटताना बादलीनं पाणी मारणार, सगळं धुऊन जाणार. आणि माझ्या स्वतःच्या फ्लॅटची गॅलरी मी आत घेतलीय. मी कोणाची काय मोजणी देणार?"

मी हसले नाही, मला तेवढा धीर नव्हता. बाईंनी आमच्या घराकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एकच खोली म्हणाली ती. असू दे. मी काही विचारलं नाही, आणि विचारणार पण नाही."

मला कोणी ओरडलं असतं तर मी गपचूप घरी गेले असते. पण त्या विचारणार नाही म्हणाल्या, तेच मला लागलं. कोणी विचारायचं नाही, हिनं सांगायचं नाही, मग ही शाळेत येऊन करणार काय?

मी खडू मागितला.

चौकोनात गेले आणि मुलीजवळ खाली बसले. "मागची खोली किती कतरणींची होती गं?"

"तू मोजूच नाही दिलीस," ती खाली बघूनच म्हणाली.

आता काय करायचं? घरी जाऊन मोजून यायचं तर मी परत आलेच नसते. मग मला सुचलं ते असं. मी मागच्या रेषेला पाठ लावून, बाहेरच्या बाजूला बसले, घरी धागे कापायला बसते तशीच. आणि पाय सरळ लांब केले. घरी असे पाय केले की टाचा पलीकडच्या पत्र्याला लागतात.

तिनं हळूच मान वर केली. माझ्या पायांकडे बघितलं. मग माझ्या हातातला खडू घेतला आणि टाचांना चिकटून रेष मारली.

"उजवा हात कर," ती म्हणाली.

मी केला. "इथं गॅस. तू बसल्या बसल्या चहा उतरवतेस." तिथं गोल काढला. "डावा. अजून. वाक ना थोडी. हां, इथं मोरी." पाहुणे परत जमले. एकानं विचारलं, "आणि गठ्ठे?" "गठ्ठे हिच्या मागं," ती म्हणाली, "आई त्यालाच टेकते." एवढं लांब वाक्य ती वर्गातल्या पोरांसमोर बोलली आणि मी तिकडे बघितलं नाही, बघितलं की थांबेल असं वाटलं.

पूर्ण झालं तसं मला एकदम भान आलं, मावशींचा नातू टक लावून बघत होता, आता हे चाळीत पोचणार. मी घाईनं उठले आणि सरळ निघाले.

"आई!" सगळ्या चौकात ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "भिंतीतून काय जातेस? दारातून जा!"

सगळी पोरं हसली, बाई हसल्या. मी परत आत आले, पुढची खोली ओलांडली आणि दारातून गेले.

चाळीत मावशी ओट्यावरच उभ्या होत्या. शाळा सुटल्यावर मी मुलीला घेऊन येईपर्यंत नातू धावत पोचलेला.

"तूच दाखवून आलीस? स्वतःच्या हातानं? आता पहिलं तुझंच तुटणार बघ."

"उद्या पाणी मारणारेत मावशी. जाऊन बघून या ना."

"काय बघायचंय? माझं घर मी रोज बघते."

मी काही त्यांना पटवू शकले नाही. भीती गेली असंही नाही, पुढं कितीतरी दिवस गल्लीत जीप वाजली की माझा दम वर यायचा. पण शनिवारी सकाळची शाळा, सुटायच्या जरा आधी मी मुलीला आणायला गेले, तर चौकाच्या कडेला मावशी, नळावरच्या दोघी-तिघी, सगळ्या हजर. आपापलं घर शोधत होत्या. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मावशी खडूच्या ओट्यापाशी आल्या, चपला काढल्या, ओट्यावर चढल्यासारखा पाय उचलला आणि आत गेल्या. सगळीकडून बघितलं. मग नातवाला म्हणाल्या, "अरे, माझं कपाट कुठाय? एवढं मोठं लग्नातलं कपाट विसरलास?"

बाई बादली घेऊन आल्या. "चला, झालं का सगळ्यांचं बघून?"

आणि माझ्या मुलीनं हात वर केला. हनुवटी वर, हात वर.

"बाई, माळा राहिला."

"कुठला माळा?"

"आमच्या पुढच्या खोलीत वर माळा आहे. त्यावर गाद्या असतात. तो कुठं काढायचा? तो जमिनीवर नाहीच ना."

बाईंनी बादली खाली ठेवली. "अरे," त्या म्हणाल्या, "ह्याचा मी विचारच नाही केला."

एक पोरगा म्हणाला, घराच्या बाहेर काढ. दुसरा म्हणाला, बाहेर काढला तर पाहुण्यांना वाटेल शेजाऱ्यांचा आहे. मावशी आपल्या घरातूनच ओरडल्या, "दुसऱ्या रंगाचा खडू नाही का गं तुमच्याकडे?" कोणीतरी म्हणालं, स्टूल ठेवा आणि एकाला वर उभा करा. मुलगी नाही नाही म्हणत होती, माळा स्टुलाएवढा नसतो, आणि मी, मला काय झालं कोणास ठाऊक, मी म्हणाले, "माळ्याची सावली काढली तर? दुपारी खाली पडते ती?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, बाई पण. मग मुलगीच म्हणाली, "पण सावली तर हलते ना, आई," आणि पोरं परत भांडायला लागली.

शाळा सुटल्याची घंटा झाली. पाणी मारायचं राहून गेलं, माळ्याचं काही ठरतच नव्हतं.