मी बंद केलेली बेगार

कामाला चांगला पोरगा मिळत नाही, हे रडगाणं मी आमच्या घरात इतकी वर्षं गायलं आहे की माझ्या मुली आता माझा आवाज काढून ते म्हणून दाखवतात. बैलबंड्यांची चाकं करायचा आमचा कारखाना चांद्याला जटपुरा वेशीच्या आत आहे. कारखाना म्हणजे चार खांबांवर टिनाचं छप्पर, एक भाता, आणि मी. पण बंडीवाले कारखाना म्हणतात, आणि मी त्यांना कधी अडवलेलं नाही.

चाक करणं म्हणजे खाट करणं नव्हे. खाटेचा पाय थोडा वाकडा झाला तर झोपणारा कूस बदलतो. चाकाचा एक आरा वाकडा बसला तर पहिल्याच नाल्यात बंडी बसते, आणि आठ दिवसांनी बंडीवाला माझ्या दारात उभा राहून माझ्या खानदानाचा उद्धार करतो. त्यामुळे हातात कसब असलेला माणूस लागतो. आणि तो तरुण लागतो, कारण लोखंडाची धाव लाल तापवून चाकावर चढवायची तर कंबर शाबूत पाहिजे. माझी तेव्हाच गेली होती.

माणसं यायची, नाही असं नाही. एक आला, हात असा की पाहत राहावं. पण तो दंडारीच्या नाटकात राणीचं काम करायचा. दिवाळी लागली की मिशी काढून यायचा, आणि मग होळीपर्यंत यायचाच नाही. दुसऱ्यानं खाणीवर भरती निघाल्याचं ऐकलं आणि हातातला वसला तसाच खाली ठेवला. जाताना मलाच म्हणाला, भाऊ, तुमी पन चाला, वय नाई इचारत तिथं.

हे सगळं मी जेवताना सांगतो आणि घर हसतं. पुढचं मात्र मुलींना सांगितलेलं नाही.

एका वर्षी चैत्रात मी आलापल्लीच्या डेपोत सागवान घ्यायला गेलो होतो. परत येताना भाड्याच्या बंडीचा एक आरा जंगलातल्या एका गावाशी तुटला. चाकं करणारा मी, आणि तुटलेल्या चाकापाशी झाडाखाली बसलो होतो, कारण माझी हत्यारं चांद्याला. तेवढ्यात जवळच्या घरातून विशीतला एक पोरगा आला. तुटक्या आऱ्यावरून त्यानं एकदा बोटं फिरवली, घरामागून तिवसाचं लाकूड आणलं आणि नुसत्या वसल्यानं तासून नवा आरा उतरवला. माप नाही, खूण नाही. ठोकला तो असा बसला की मी तिथं पटाशी घेऊन गेलो असतो तरी काढायला काही उरलं नसतं. मुलीसाठी स्थळ पाहायला जावं तसा मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

अंगणात घराचा म्हातारा बसला होता. पोरगा तुमचा का, म्हणून मी विचारलं. नाही म्हणाला. सहा कोसांवरच्या गावचा आहे, तिसरं वर्ष चालू आहे इथं. त्याला देता काय? खायला देतो, म्हातारा म्हणाला, धान कापून झालं की मग देऊ. काय देणार, ते मी विचारलं नाही. मला तेवढी फुरसत नव्हती, कारण माझ्या डोक्यात भाषण तयार झालं होतं.

माझ्या अंगात तेव्हा एक खाकी कोट असायचा, बाजारात जुना घेतलेला. सरकारी माणूस आहे असं मी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. स्वराज्य आलं, म्हटलं, बेगार बंद झाली, फुकट राबवून घ्यायचे दिवस गेले, आता असं कोणाला घरी ठेवता येत नाही. म्हातारा कोटाकडे पाहत सगळं ऐकून घेत होता.

"सायेब, हे बी बंद केलं का सरकारनं?"

"केव्हाचंच," मी म्हणालो.

तो आत गेला. आत गोंडीत बराच वेळ बोलणं चाललं. दारात एक मुलगी कांडण थांबवून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, कोट पाहते आहे. मग पोरगा बाहेर आला आणि मुकाट्यानं बंडीमागं चालू लागला. वैनगंगेवरच्या आष्टीच्या घाटापर्यंत मी त्याला स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. त्याला मराठी बेताचंच कळायचं, त्यामुळे मला कोणी अडवलं नाही.

त्यानं केलेली चाकं म्हणजे काय सांगू. दोन महिन्यांत मूल, सावली या गावांपासूनचे बंडीवाले येऊ लागले. पानठेल्यावर मी सांगायचो, बेगारीतून सोडवून आणला. लोक म्हणायचे, देवमाणूस आहात. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो, विनयानं. दर इतवारी पोरगा मोटार स्टँडवर जाऊन उभा राहायचा, तिकडून आलेल्या माणसांना काहीबाही विचारायचा. घरची आठवण येत असेल म्हणून मी त्याला खुशाल जाऊ द्यायचो.

माझी बायको त्या दिवसांत धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. ती श्रावणात परत आली. पोरगा जेवायला आमच्याच ओसरीवर बसायचा, आणि ती वाढता वाढता त्याला बोलतं करायची. चौथ्या दिवशी ती छपराखाली येऊन उभी राहिली.

"अजी, या पोराले तुमी कुठून आणलं म्हनलं?"

"बेगारीतून."

"बेगारीतून नाई. लगनातून उचलून आणलं तुमी त्याले."

पोराच्या बापाकडे मुलीच्या बापाला द्यायला काही नव्हतं. तिकडची रीत अशी की, मग मुलानं ठरलेली वर्षं मुलीच्या घरी राबायचं आणि ती भरली की लग्न. याची तीन ठरली होती, त्यातली काही महिने सोडून सगळी संपली होती. यंदाचं धान निघालं की लग्न. दारात उभी होती ती तीच मुलगी. ही रीत मला ठाऊक नव्हती असं म्हणून सुटायची सोय नाही. जंगलात लाकडाला जाणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. त्या दिवशी मला फक्त चाकं दिसत होती.

"अन् इतवारी मोटारीवर काऊन जाते, मालूम आहे?" बायको म्हणाली. "सरकारनं ते परत चालू केलं का, इचारते तो लोकायले."

मी काहीतरी बोललो. कायदा, माणसाला फुकट राबवणं, असलं काही.

"माह्या बापाजवळ सात वर्सं तुमी काय करून राह्यले होते?"

आता हे सांगायलाच हवं. कारखाना माझ्या सासऱ्यांचा. मी आलो तेव्हा माझ्याजवळ एक वसला आणि अंगावरचं धोतर होतं. त्यांनी दोन वर्षं माझा हात पाहिला, मग मुलगी दिली, आणि पुढंही पाच वर्षं पाहतच राहिले. मला सोडवायला कोणी खाकी कोट घालून आलं नाही. आलं असतं तर मी त्याला वसला फेकून मारला असता.

पोराला परत नेऊन सोडायचं ठरलं. पण वैनगंगा दोन्ही काठ भरून चालली होती. नदी उतरली की जाऊ, असं बायकोनं त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि आऱ्यासाठी चाकाच्या तुंब्याला भोक पाडायला बसला.

इथवर मी मूर्ख होतो. मूर्खपणा माणूस हसून सांगू शकतो. पुढचं तसं नाही.

नदी उतरली. तिकडच्या बंड्या चांद्यात दिसू लागल्या. पण एका लाकूड-ठेकेदाराच्या चाकांच्या सहा जोड्या माझ्याकडे होत्या, चाकं तयार होती, धावा चढवायच्या राहिल्या होत्या, आणि माझी कंबर ही अशी. मी घरी सांगितलं, नदी अजून उतरली नाही, त्यात पितृपक्ष लागला. पंधरा दिवस सांगत राहिलो. पोरगा भट्टीपाशी माझ्यासमोर चिमटा धरून उभा राहायचा, धाव बसली की पाणी ओतायचा. इतवारी तो स्टँडवर जातच होता. नदी उतरल्याचं त्याला माझ्याआधी कळलं असणार. त्यानं विचारलं नाही, आणि तो विचारत नाही हे पाहून मी आणखी एक जोडी उरकायचो.

शेवटची धाव चढली, मी त्याची मजुरी चुकती केली आणि आम्ही दोघं निघालो. कोट घातला नव्हता.

म्हाताऱ्याच्या अंगणात दुसराच एक तरुण कुंपणाला काट्या बांधत होता. म्हाताऱ्यानं आम्हाला बसायला खाट टाकली, पाणी दिलं. आजूबाजूची चार वडीलधारी माणसं येऊन बसली.

"कोतवालाले इचारलं मी, भाऊ," म्हातारा म्हणाला. साहेबाचा मी भाऊ झालो होतो. "तो म्हने, असा हुकूम नाई सरकारचा. तं कोणाचा होता?"

"माहा," मी म्हणालो.

"काऊन?"

"मले चाकं करायची होती."

त्यानं ते गोंडीत सगळ्यांना सांगितलं. कोणीतरी हसलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हाताऱ्यानं शांतपणे हिशेब मांडला. पेरणी आणि रोवणी त्यानं एकट्यानं काढली. पोरगा आपणहून येईल म्हणून वाट पाहिली. धान कापणीला येऊ लागलं तेव्हा, आठ दिवसांपूर्वी, मुलीसाठी हा नवा माणूस घरात घेतला. जागा रिकामी होती तोवर जुने दिवस धरले असते, उरलेले काय ते भरून लग्न झालं असतं. दुसरा बसला की जुनी मोजणी मोडते.

"अजून थोडं पह्यले काऊन नाई आणलं?" त्यानं विचारलं.

"नदी होती," मी म्हणालो.

पोरगा माझ्याशेजारीच जमिनीवर बसला होता. एवढी मराठी त्याला आता येत होती. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

मंडळींनी बऱ्याच वेळानं मुलीला विचारलं. ती दाराआडून दोन-तीन शब्द बोलली. पहिलाच पाहिजे, म्हणाली. नव्या तरुणानं जेवण केलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि निघाला. त्याचे आठच दिवस गेले होते. पण वडीलधाऱ्यांनी पोराची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरली, तीन वर्षं. पोरगा उठला, बैलांची दावी सोडली आणि त्यांना पाण्यावर घेऊन गेला.

पुढची तीन वर्षं मी आलापल्लीला लाकडाला जायचो ते त्या गावाची वाट टाळून, घोटवरून. बंडीवाले विचारायचे तर सांगायचो, इकडून रस्ता बरा आहे. रस्ता बरा नव्हता, आणि लांबही होता.

तिसऱ्या वर्षी धान निघाल्यावर एक बंडीवाला लग्नाचा निरोप घेऊन आला. आम्हा नवरा-बायकोला, दोघांनाही बोलावलं होतं. मी म्हटलं, कारखाना कोण पाहील. बायको एकटीच गेली, लुगडं घेऊन. चार दिवसांनी परत आली. लग्न कसं झालं, जेवणात काय होतं, मुलगी हसरी आहे, सगळं सांगितलं. पोरानं माझं काही विचारलं का, हे मी विचारलं नाही. पाय धुऊन ती चुलीपाशी बसली, आणि लाकडं सारता सारता म्हणाली,

"अजी, त्या वर्सी नदी केव्हा उतरली होती?"

"गणपती उठले त्या दिवशी, पितृपक्षाच्या आधी," मी म्हणालो.

तिनं तवा ठेवला. भाकरी तीन केल्या की चार, आठवत नाही. माझ्या पानात वाढल्या, आणि ती माझ्यासमोर न बसता बाहेर ओसरीवर जाऊन बसली.