बंडूच्या ड्यूटीपर्यंतचा सिनेमा

सिनेमा बघणारी चार टाळकी एकत्र आली की सिनेमे विसरले जातात, किस्से तेवढे साचतात. पिपरी मेघेतल्या आमच्या फिल्म क्लबचं तेच झालं. क्लब म्हणजे काय, तर निवृत्त प्राध्यापक भोयर सरांचा हॉल, पांढरी चादर, काकूंचे पोहे आणि बंडूचा प्रोजेक्टर!

*

सर एका नामवंत दिग्दर्शकाचे भक्त. त्याच्या सिनेमांवर जाडजूड पुस्तक लिहीत होते. एकदा पडद्यावरचा नायक खिडकीबाहेर बघतोय, बघतोय, बघतोच आहे. सर पुटपुटले, "काय हा एकटेपणा!"

मागून काकू म्हणाल्या, "याले घरचे जेवाले काऊन नाई बोलवून राह्यले?"

हा मुद्दा सरांनी पुस्तकात घेतला नाही.

*

बंडू सावंगीला एका दवाखान्यात टेक्निशियन. ड्यूटीची वेळ झाली की सिनेमा कुठंही असो, तो प्रोजेक्टर बंद करून पिशवीत भरायचा. सर डोळे मिटून म्हणायचे, "वा! इथंच सोडलं! काय हिंमत आहे या दिग्दर्शकाची!"

एकट्यानं सिनेमा पाहणं सरांच्या लेखी पाप. त्यामुळे पुढचं त्यांनी कधी पाहिलंच नाही. आम्हाला वाटायचं, सिनेमा अजून उरलाय हे सरांना माहीत आहे. सरांना वाटायचं, सिनेमा संपला.

*

पुस्तक छापून आलं. सगळ्यात लांब प्रकरण, 'शेवट नाकारणारा दिग्दर्शक'! प्रकाशनाला खुद्द तो दिग्दर्शक येणार होता. आदल्या दिवशी काकूंनी मोबाइलवर त्याचा एक सिनेमा लावला आणि ओरडल्या, "अहो, या दोघांचं तर लगन होते!"

सरांनी उरलेले सगळे शेवट उभ्या उभ्या पाहिले. एकात बारसं, एकात खलनायक आईच्या पाया पडतो. सर मटकन खाली बसले.

"सारी मेहनत पाण्यात गेली रे. उद्या तो सगळ्यायसमोर मले हसन."

मला खरंच वाईट वाटलं. बंडू म्हणाला, "मले सांगाचं ना सर, थोडा उशिरा गेलो असतो!"

*

प्रकाशनाला माइक आणि स्पीकरही बंडूचेच. दिग्दर्शक बोलायला उभा राहिला. हातात पुस्तक, नेमकं तेच प्रकरण उघडलेलं. सरांनी मान खाली घातली.

"मला प्रत्येक सिनेमा तिथंच संपवायचा होता," तो म्हणाला. "पुढचं सगळं निर्मात्यांनी जोडायला लावलं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. सर, नेमकी जागा तुम्हाला कळली कशी?"

टाळ्यांचा कडकडाट! सर उठले, माइकपाशी गेले, घसा खाकरला. आम्ही श्वास रोखून बसलो.

"त्याचं असं आहे..." सर म्हणाले.

तेवढ्यात बंडूनं घड्याळ पाहिलं आणि माइक बंद केला.