खैरनारांच्या घरातला वास

बडोद्यात तरसालीच्या नाक्यावर टरबुजाची लारी, म्हणजे हातगाडी, लागली की गोविंदराव खैरनार त्या लारीवाल्याची उलटतपासणी घेतात. कुठून आलं, कधी तोडलं, लाल रंगाची सुई टोचली ती कुणी. दूधवाला पंचवीस वर्षांच्या ओळखीचा, तरी पातेल्यावर नाक नेऊन "ठीक आहे" म्हटल्याशिवाय दूध गॅसवर चढत नाही. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, तर पहिला प्रश्न हाच की आपण यांना आत्ताच कसे आठवलो? नलिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "अहो, उद्या देव प्रसन्न झाला तरी तुम्ही त्याला विचाराल, यात तुझा काय फायदा?"

माणूस वाईट नाही हं, उगाच गैरसमज नको. सवय नोकरीची. चौतीस वर्षं बाजव्याला रिफायनरीच्या लॅबमध्ये काढली, आणि तिथे संशय घ्यायचाच पगार मिळतो. नमुना आला की तो खोटा आहे असं धरूनच तपासायचा. शिवाय गोविंदरावांचं नाक! बाटलीला नाक लावायला बंदी होती, पण यंत्र गोंधळलं की साहेब लोकही हळूच म्हणायचे, "जरा खैरनारला बोलवा." हे यायचे, बाटलीवर हाताने वारा घालून नुसती झुळूक घ्यायचे आणि सांगायचे, यात काय मिसळलंय ते. अमळनेरहून एक ट्रंक घेऊन बडोद्याला आलेल्या माणसाने त्या नाकावर नाव कमावलं, टेनामेंट, म्हणजे छोटंसं स्वतंत्र घर, बांधलं, पोरीचं लग्न केलं. निरोपाच्या समारंभात तीन भाषणं झाली आणि तिन्ही नाकावर झाली.

आता या घरात चार वर्षांपासून एक कुत्रा आहे. कोरोनात गोविंदराव आजारी पडून गच्चीवरच्या खोलीत एकटे होते, तेव्हा हे रस्त्यावरचं पिल्लू जिना चढून आलं आणि सतरा दिवस दाराबाहेर बसून राहिलं. अठराव्या दिवशी दोघं बरोबरच खाली उतरले. गोविंदरावांनी त्याचं नाव ठेवलं लिटमस. नलिनीबाईंनी त्याचा लगेच लिट्या केला. आयुष्यात ज्याच्यावर गोविंदरावांनी कधीच संशय घेतला नाही, असा जीव हा एकच.

भानगड सुरू झाली ती मोहनामुळे. मोहना ही त्यांची एकुलती एक मुलगी, सुरतेला दिलेली. सातवा महिना लागला, बाळंतपण माहेरीच व्हायचं ठरलं, आणि खोली बघून जाते म्हणून ती एका रविवारी आली. उंबऱ्यात पाय ठेवला, पदर नाकाला लावला आणि सरळ मोरीकडे पळाली. ओकून ओकून बिचारीचे डोळे लाल. "आई, घरात कुत्र्याचा केवढा वास येतोय! मला नाही राहता येणार इथे."

"वास?" गोविंदराव दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले, मान वर करून चारी बाजूंनी श्वास घेतला. "कसला वास? काही नाही. माझ्या नाकाला कळत नाही तो वासच नव्हे."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. तेवढंच. पण गोविंदरावांनी ते बघणं टिपलं. पाणी कुठेतरी मुरतंय.

मोहना गेल्यावर नलिनीबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं. तीन आठवड्यांत वास गेला पाहिजे. नाही गेला तर पोरीचं बाळंतपण होईपर्यंत लिट्याला दुसरीकडे ठेवावं लागेल, शेजारच्या हार्दिकभाईचं वाघोडियाकडे शेत आहे तिथे.

"होईपर्यंत म्हणे! मग बाळ लहान आहे म्हणून सहा महिने. मग ते रांगायला लागलं म्हणून वर्ष. लिटमस म्हातारा झाल्यावर आणणार का त्याला?" गोविंदराव खुर्चीतून ओरडले. खुर्चीखाली लिटमस झोपला होता, त्याने नुसते कान हलवले.

नलिनीबाईंनी वाद घातला नाही, पदर खोचला. सोफ्यावर खायचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून सकाळी झटकला. कचरा-पोत्याच्या, म्हणजे फरशी पुसायच्या, पाण्यात व्हिनेगर. पडदे काढून टबात बुडवले, गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या, भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत ओलं फडकं फिरवलं, कारण लिट्या अंग घासतो तो तेवढ्याच उंचीवर. लिट्यालाही दर चार दिवसांनी आंघोळ. गोविंदराव मात्र खुर्चीतून उठले नाहीत. ती खुर्ची वेताची, त्यांची एकट्याची, तिच्यावर कापसाची जाड गादी. "नसलेला वास घालवायला मी काय खुळा आहे?" असं म्हणून ते पेपर उघडायचे आणि पेपरावरून बायकोवर नजर ठेवायचे.

आणि बघू लागलं की काय काय दिसतं! ते स्वयंपाकघरातून बाहेर पडले की पाठोपाठ नलिनी आत जायची. का? एक दिवस ती फोनवर हळू आवाजात बोलत होती, "नाही गं, त्यांना नको सांगूस. मी सांभाळते सगळं." हे आले तशी म्हणाली, "ठेवते हं मोहना." आता काय नको सांगूस? हार्दिकला त्यांनी मुद्दाम घरात बोलावून विचारलं, तर तो चपला काढता काढताच म्हणाला, "काका, थोडी वास तो आवे छे." बरोबरच आहे. शेतावर राखणीला फुकट कुत्रा कुणाला नको? तिघांची मिलीभगत. नलिनीला तर पहिल्या दिवसापासून कुत्रा घरात नकोच होता. तोंडात साखर ठेवून गोड बोलायचं आणि मुक्या जिवाला घराबाहेर काढायचं. गोविंदरावांना अक्षरशः गहिवरून आलं. "तुला मी जाऊ देत नसतो," ते लिटमसला म्हणाले.

शेवटचा रविवार तीन दिवसांवर आला, तेव्हा त्यांनी ठरवलं की आता पुराव्यानेच तोंडं बंद करायची. लॅबची पद्धत साधी. नमुन्यांना नुसते आकडे द्यायचे, कुठला कशाचा ते तपासणाऱ्याला सांगायचं नाही. मग बघू, या तीन शहाण्यांच्या नाकांत किती दम आहे ते.

गुरुवारी सकाळी नलिनीबाई भाजी आणायला गेल्या. गोविंदरावांनी कॉफीच्या पाच रिकाम्या बाटल्या धुऊन पुसून ओसरीतल्या स्टुलावर मांडल्या. प्रत्येकीत कापसाचा एक बोळा. पहिला लिटमसच्या मानेवर खसखसून घासलेला, त्याचे केस चिमट्याने वेचून काढलेले. दुसरा सोफ्यावरचा, तिसरा पडद्याचा. चौथा हार्दिकच्या ओसरीतल्या पायपुसण्याचा, तोही त्याच्या नकळत. आणि पाचवा अगदी स्वच्छ जागेचा हवा, तुलनेला. घरात खात्रीची स्वच्छ जागा एकच, आपली खुर्ची. म्हणून पाचवा तिथल्या गादीचा. डायरीत नोंद करून ठेवली आणि झाकणांवर आकडे लिहिले.

झाकणांवर! उभ्या जन्मात त्यांनी शंभर पोरांना झापलं असेल, की अरे गाढवा, नंबर बाटलीच्या अंगावर लिहायचा, झाकण कुणाचं कुणावर जाईल. पण त्या दिवशी काचेवर कागद चिकटेना, आणि राग डोक्यात. असो. प्रत्येकीत दुसरा बोळा टाकायचा म्हणून त्यांनी पाचही झाकणं उघडून ओळीत ठेवली, तोवर लिटमस आला. मालक खाली वाकलाय म्हटल्यावर त्याला आनंद झाला, शेपूट फिरली, बाटल्यांची ओळ विसकटली, पाचही झाकणं फरशीवर.

"मूर्खा!" गोविंदराव म्हणाले, पण प्रेमाने. त्यात काय एवढं? खैरनारांना झाकणावरचा आकडा लागतो होय? त्यांनी पहिली बाटली उचलली, हाताने वारा घातला.

काही नाही.

दुसरी. काही नाही. तिसरी, चौथी, पाचवी. पाचही बाटल्यांत नुसता कापूस.

लगेच डोक्यात आलं, नलिनीने बोळे बदलले! पण नलिनी बाजारात होती. कापूसच नकली असेल, आजकाल काही सांगता येत नाही. त्यांनी लिटमसला जवळ ओढलं, त्याच्या मानेत नाक खुपसलं आणि जोरात श्वास घेतला. ऊब लागली, केस टोचले. वास नाही. तसेच ते स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी उघडली. नाही. देवघरातला कापूर चुरगळला. नाही. शेवटी व्हिनेगरची बाटली नाकाशी धरली, नाक चुरचुरलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास म्हणून जो असतो तो आलाच नाही.

मग मात्र गोविंदराव घाबरले. एवढे ते कधीच घाबरले नव्हते, गच्चीवरच्या त्या सतरा दिवसांतही नाही. उपकरण बिघडलेलं निघालं की त्यावरची मागची सगळी मापं रद्द करायची असतात. किती मागची? रोजचं दूध? गॅस? कधीपासून? ते ओट्याला टेकून उभे राहिले.

नलिनीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या तेव्हा नवरा हिंगाची डबी हातात धरून तसाच उभा होता.

"हा हिंग जुना झालाय," ते म्हणाले. अजूनही मन कबूल होत नव्हतं. "वास नाही त्याला."

"सोमवारी आणलाय," नलिनीबाई म्हणाल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी डबी नवऱ्याच्या हातातून घेतली, झाकण लावलं. "बसा इथे."

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"गच्चीवरून खाली आलात त्या दिवसापासून. माझ्याकडून खिचडी करपली होती. पार कोळसा. तुम्ही ताटावर बसून म्हणालात, वा, काय खमंग वास सुटलाय!" त्या हसायला गेल्या, पण जमलं नाही. "म्हटलं, होईल हळूहळू परत. लोकांचा येतो म्हणतात."

"चार वर्षं? आणि मी रोज दूध..."

"तुम्ही ठीक आहे म्हणायचात, मग मी पुन्हा बघायची. गॅसचं पण तसंच. तुमच्या पाठोपाठ आत जायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? तुमच्याकडे अभिमानाचं दुसरं काय आहे हो? पोरीलाही बजावलं होतं, बाबांना बोलू नकोस."

 सवय थोडीच सुटते, गोविंदराव खालच्या आवाजात म्हणाले, "पण लिटमसला तू घालवायलाच निघाली होतीस."

आता मात्र नलिनीबाई भडकल्या. "मी? अहो, घालवायचाच असता तर पंधरा-अठरा दिवस मी कंबर मोडून सोफे कशाला धुतले असते? हार्दिकभाईला हाक मारली असती, काम संपलं असतं! एवढा संशय घेता, तर कधी एवढा साधा विचार नाही करता आला?"

  गोविंदराव उठून ओसरीवर गेले आणि पाचही बाटल्या ताटात घालून घेऊन आले. "यांच्या झाकणांची अदलाबदल झाली," ते म्हणाले. "आणि माझं नाकच हरवलंय. तू सांग."

नलिनीबाईंनी एक एक बाटली नाकाशी नेली. दोन बाजूला सारल्या, यांत सोडा आणि साबण. एकीत धूळ, ती हार्दिकच्या पायपुसण्याची. उरलेल्या दोन पुन्हा पुन्हा हुंगल्या. "या दोन्हींत लिट्या आहे. नक्की."

"दोन्हींत कसा असेल? एक त्याच्या मानेचा बोळा. दुसरा माझ्या..." गोविंदराव थांबले.

खुर्ची. घरभर सोडा पडला, पाणी फिरलं, पण खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. दुपारी हे जेवून याच खुर्चीत कलंडले की लिटमस गादीवर चढून यांच्या मांडीला टेकून झोपायचा, चार वर्षं, रोज. साऱ्या जगावर संशय घेऊन झाला, एक बूड टेकलेली जागा तेवढी राहिली.

संध्याकाळच्या आत गादी उसवली. कापूस टाकून दिला, खोळ तीनदा गरम पाण्यातून काढली, वेत ब्रशने घासून व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, खुर्ची उन्हात उलटी केली. या वेळी पदर खोचलेला नव्हता, धोतराचा काचा मारलेला होता. गोविंदराव घासायचे आणि नलिनीबाईंना बोलवायचे. त्या हुंगून म्हणायच्या, "आहे अजून." ते पुन्हा घासायचे. शनिवारी दुपारी त्या म्हणाल्या, "गेला." गोविंदरावांनी खोळ नकळत स्वतःच्या नाकाकडे नेली, मग हात खाली घेतला आणि खोळ घडी करून कपाटात ठेवली.

रविवारी मोहना आली. हार्दिक तिची बॅग उचलायला फाटकाशी आला होता, लिटमसला न्यायचं की नाही हेही त्याला विचारायचं होतं. मोहना पायरीवर थबकली. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात रुमाल तयार. आत यायची हिंमत होईना पोरीची.

"बाबा," आईने बजावल्याप्रमाणे काही माहीत नसल्यासारखं तिने भीत भीत विचारलं, "गेला का हो वास?"

गोविंदरावांनी एकदा लिटमसकडे बघितलं, एकदा हार्दिककडे. ज्या नाकावर चौतीस वर्षं पगार घेतला, त्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

"मला नाही कळत बेटा," ते म्हणाले. "मला चार वर्षं झाली, कसलाच वास येत नाही. तुझ्या आईला विचार. ती सांगेल ते खरं."

मोहनाने आईकडे बघितलं. नलिनीबाईंनी मान डोलावली. तिने रुमाल खाली घेतला, उंबरा ओलांडला, आत जाऊन एक खोल श्वास घेतला आणि पाय दुखत होते म्हणून सरळ बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली.