चढती शिट्टी

अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो माणूस मला एकदाच भेटला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आई गेल्यावर तिचा आवाज तेवढा एका कॅसेटवर उरला होता. मी तो कॉम्प्युटरवर घेतला, पण पत्र्यावर नख ओढावं तसा चिरका लागायचा. दोष कॅसेटचाच, असं धरून मी ते रेकॉर्डिंग कापूनछाटून साफ करायला निघालो होतो.

मी कॉम्प्युटर त्याच्या दुकानात नेला, तर त्यानं ते रेकॉर्डिंग आधी ऐकलंच नाही. "पयले साउंड कार्ड पाहू," म्हणाला आणि स्वतःजवळची एक रेकॉर्ड केलेली शिट्टी कॉम्प्युटरवर लावली, खालच्या सुरातून सारखी वर चढत जाणारी. डोळे मिटून तो तिच्याबरोबर बोट वर नेत होता. मध्येच बोट थांबलं. मलाही ऐकू आलं: चढत्या शिट्टीमागे दुसरी एक बारीक शिट्टी खाली उतरत होती.

"हा उतरनारा आवाज कार्डाचा हाये. रेकॉर्डिंग आपल्या मापात बसवता बसवता ते पदरचं घालून राहिलं."

त्यानं कार्ड बदललं. या वेळी बोट न अडता वर गेलं. मग आईचा आवाज लावून तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. "घरचा आवाज हाये. तुमीच आयका."

चिरकेपणा गेला होता. आई बोलत होती, मध्येच खोकत होती. मी त्याला आत बोलावून विचारलं, "हा खोकलाही काढता येईल का?"



"काहून काढता, भाऊ? तो कार्डाचा नाही. तो मायचा हाये."

आता ते रेकॉर्डिंग लावलं की मी त्या खोकल्याची वाट पाहतो.