दादाचा स्पीड पाच, माझा चार

माणूस गेला की लोक हार आणतात, नारळ आणतात आणि एकेक किस्सा ठेवून जातात. हार वाळले. किस्से काही हलत नाहीत, घरभर पडलेत.

दादा कारखान्यात टेक्निशियन होता. सुट्टीच्या दिवशी टाउनशिपच्या क्लबात, ऑफिसनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर पोरांना गेम बनवायला शिकवायचा. मी धाकटा, आठवी नापास. टी. टी. नगरात पंक्चर काढतो.

*

पहिल्याच दिवशी दादा म्हणाला, "आपापल्या हीरोला उडीचा आकडा द्या."

पोरांनी बापाची पोस्ट बघून आकडे दिले. मॅनेजरच्या मुलीनं शंभर, फोरमनच्या मुलानं पन्नास. पिंटूचा बाप ठेक्यावर कामाला. तो म्हणाला, "सर, मैं जीरो लिख दूँ?"

"जीरो से कुछ हिलता नहीं बेटा. पाँच लिख."

शंभरवाल्या हीरोनं उडी मारली तो स्क्रीनच्या वर गेला, परत आलाच नाही. मुलगी रडायला लागली. दादा म्हणाला, "रो मत. प्रमोशन हो गया, दिल्ली गया."

*

रिटायर्ड इंजिनियर देशपांडेकाका बघायला आले. "अधिक म्हणजे वर," म्हणत त्यांनी हीरोच्या जागेचा आकडा वाढवला. हीरो जमिनीत गेला. आणखी वाढवला, दिसेनासाच झाला.

"काका, इथे शून्य वरती असतं. खाली जाल तसा आकडा वाढतो."

काका चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे काम सगळं खालच्यांना. मशीन आपल्याच खात्याचं दिसतंय."

*

दादानं एक गेम माझ्यासाठी केला. दोन भाऊ झेंड्याकडे पळतात. मोठा आपोआप, धाकटा बटण दाबून. मोठ्याचा स्पीड पाच, धाकट्याचा चार. मी रोज हरायचो.

"मला चार का दिलास?"

"तू नुसता बटण दाबत सुटतोस म्हणून."

मी कीबोर्ड आपटला. दोन बटणं उडाली. महिनाभर क्लबात गेलो नाही. त्या महिन्यातच दादा ड्यूटीवरून येताना सायकलवरून पडला, तो उठला नाही.

*

परवा क्लबचे सेक्रेटरी जोशीकाका म्हणाले, "वार्षिक समारंभात तुझ्या दादाचा गेम लावू. पण त्यात धाकटा कधीच जिंकत नाही रे. पोरं कंटाळतात. तेवढे आकडे बदलून घे."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. नेहमीसारखं.

आज क्लबात पिंटूनं गेमची फाइल उघडली. वाचता वाचता थांबला. "भैया, यहाँ एक लाइन और है. दोनों में फासला दो सौ से ऊपर गया, तो बड़े भाई का स्पीड जीरो."

"मी तर कधी पाहिलं नाही."

"कैसे दिखता? बटन दबाए रखो तो फासला उतना होता ही नहीं. झंडा पहले आ जाता है."

मी म्हटलं, "बदलायच्या आधी एकदा चालू कर."

त्यानं केला. मी हात मांडीवर ठेवले. मोठा थोडा पुढे गेला आणि थांबला. झेंडा समोर होता.

"भैया, दबाओ ना."

मी नाही दाबलं.

दारातून जोशीकाकांनी विचारलं, "झाला का रे बदल?"

पिंटूनं माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"नहीं अंकल. अभी खड़े हैं."