कॉलरताईची न चुकलेली हजेरी

कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टाच्या कॉलरी शिवते, म्हणून सगळ्या तिला कॉलरताई म्हणतात. तिच्या कॉलरीचं टोक असं निघतं की लाइनीचा मास्तरही बोट लावून बघतो आणि पुढे सरकतो. पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीने. तिचा खाडा होत नाही. बाकीच्या बायका महिन्यातून एखादा दिवस पोट धरून घरी राहतात, हिला चार-चार महिने पाळीच येत नाही. मास्तर इतरांना ऐकवायचा, "तिच्याकडून शिका जरा." आजारपणाचे धडे गिरवायला सांगणारा असा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

आजार आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती संडासातल्या आरशासमोर धागे तोडायच्या कात्रीने कापायची. मानेवर काळा पट्टा. सासू म्हणायची, "लोकांच्या कॉलरी शिवतेस, स्वतःची मान घासायला काय होतं?" ती सालटं निघेपर्यंत घासायची. पट्टा तसाच. दुपारी जेवण झालं की डोळ्यांवर झापड. लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, त्याचे टोमणे वेगळेच.

आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत ती बसल्या बसल्या पेंगली, तेव्हा मीच तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मान पाहिली. "हा मळ नाही. तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते आणखी आणखी तयार होतं. त्याच्या जोरावर अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतं. म्हणून हे केस, म्हणून पाळी अडते. असंच चाललं तर मधुमेह फार लांब नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या."

इथेच घोडं अडलं. रक्त घ्यायची खोली उघडते तोवर कारखान्याचं फाटक बंद झालेलं असतं; नंतर आत सोडलं तरी दिवस खाड्यातच. आणि मास्तरने कबूल केलं होतं, वर्षात एकच खाडा माफ. दुसरा न करणारीला नमुने शिवायच्या खोलीत कायम करू. तिथे पाठ टेकायला खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, घाई नाही. कॉलरताई त्या खुर्चीवर वर्षभर डोळा ठेवून होती.

माफीचा खाडा तिने तपासणीला दिला. पाकिटातून सुई काढता काढता रक्त घेणारीने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे. नुसता चहा घेतला."

"साखरेचा?"

"मग काय मिठाचा?"

सुई परत ठेवली गेली. मी भडकले, पण राग काढायचा कुणावर? आमच्या लाइनीत कुणालाही विचारा, उपाशी म्हणजे चहावर. दोन चमचे साखर घातलेला चहा उभ्याने घशाखाली ढकलायचा आणि मशीनवर बसायचं. त्याला खाणं कोण म्हणतं?

म्हणजे आता दुसरा खाडा. ती म्हणाली, "राहू दे ताई. वर्ष संपलं की बघू."

"खुर्ची मोठी की जीव मोठा?" मी आवाज चढवला.

"खुर्ची मिळाली तर जिवाला बरं पडेल. तुमचं काय, बोलून मोकळ्या."

पंधरवड्याने तिला पाळी आली, पाच महिन्यांनी, आणि थांबेचना. तरी ती रोज कामावर. एका दुपारी मशीनवरून उठली आणि भिंत धरून तशीच उभी राहिली. संध्याकाळी मला एवढंच म्हणाली, "उद्या जाते. चहा न पिता."

रक्त देऊन ती दुपारी कारखान्यात पोचली तेव्हा मास्तरने वर न बघता सांगितलं, नमुन्याच्या खोलीत तिच्याऐवजी लाइनीतली बटणवाली जाणार.

अहवाल आला. साखर अगदी सीमेवर, इन्सुलिन नको तितकं, पुरुषी हार्मोन वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "मधुमेह अजून झालेला नाही. चाला, वेळेवर झोपा, गोड तोडा. वजन थोडं उतरलं तरी पाळी रुळावर येऊ शकते."

"दिवसभर मशीन, घरी गेलं की चूल. चालू कधी?"

बाईंनी गोळ्यांच्या वेळा चिठ्ठीवर लिहून दिल्या.

मी मास्तरच्या केबिनकडे निघाले तर तिने हात धरला. "खुर्चीचं नका काढू. बटणवालीचेही पाय सुजतात. तपासणीचा दिवस खाड्यात धरू नका, तेवढं बोला. सगळ्यांसाठी."

बोलले. मास्तर म्हणाला, वर कळवतो. ते वर कुठे असतं ते मला अजून सापडलेलं नाही. दर आठवड्याला जाऊन विचारते.

कॉलरताई हल्ली एक थांबा आधी उतरून घरापर्यंत चालते. सासू म्हणते, "सून फिरायला लागली वाटतं." ती चपला काढते, भिंतीला टेकून जरा बसते आणि मग कणकेचा डबा पुढे ओढते.